भट्टीत घातलेला पराक्रम

युद्ध जिंकायला हातभार लावणारी यंत्रे फोडा, त्यांचे आराखडे जाळा आणि ती घडवणाऱ्यांनी मरेपर्यंत तोंडाला कुलूप घालावे, हा दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश राज्यकर्त्यांचा खाक्या होता. जर्मन संकेत फोडणाऱ्या ब्लेचली पार्कच्या केंद्रात तेव्हा दहा कोलोसस यंत्रे चालत होती. त्यांतली आठ मोडीत निघाली. उरलेली दोन हेरखात्याने स्वतःच्या कामासाठी नेली आणि १९६० च्या सुमारास त्यांचीही तीच गत केली. लंडनमधील डॉलिस हिलच्या पोस्ट खात्याच्या संशोधन केंद्रात टॉमी फ्लॉवर्स या अभियंत्याला आपली कागदपत्रे आपल्याच हाताने भट्टीत टाकावी लागली. ज्याने निर्माण केले त्याच्याच हातून नाश करवून घेणारी ही सत्ता होती. ती लोकशाहीची होती म्हणून या कृत्याचे पाप तसूभरही हलके होत नाही!

काय जाळले, ते नीट समजून घ्या. हिटलरचे सेनापती आपापसांत बोलत ते एनिग्मा या संकेतयंत्रावर नव्हे, लोरेंझ या बारा चक्रांच्या टेलिप्रिंटर-संकेतयंत्रावर. ऑगस्ट १९४१ मध्ये एका जर्मन ऑपरेटरने सुमारे चार हजार अक्षरांचा संदेश चक्रांची मांडणी न बदलता दुसऱ्यांदा पाठवला, आणि पाठवताना कंटाळून काही शब्द आखूड केले. तेवढ्या फटीतून ब्लेचलीच्या जॉन टिल्टमनने दोन्ही संदेश सोडवले. पुढे बिल टट या तरुणाने, ते यंत्र डोळ्यांनी न पाहता, त्यात किती चक्रे आहेत आणि ती कशी फिरतात हे कागद-पेन्सिलीने मांडून दाखवले. हा टट एका माळ्याचा मुलगा. फ्लॉवर्स गवंड्याचा मुलगा, रात्रीच्या वर्गांत शिकून अभियंता झालेला.

या गवंड्याच्या मुलाने सांगितले की प्रत्येक संदेशासाठी चक्रांची मांडणी शोधण्याचे काम वेगाने व्हायचे तर हजारावर व्हॉल्व्हचे, म्हणजे निर्वात नळ्यांचे, इलेक्ट्रॉनिक यंत्र हवे. ब्लेचलीतल्या जाणकारांनी माना हलवल्या. इतके व्हॉल्व्ह एकाच वेळी शाबूत राहतील कसे? फ्लॉवर्सला ठाऊक होते की व्हॉल्व्ह मरतो तो सतत चालू-बंद केल्याने. चालूच ठेवला तर तो टिकतो. हे ज्ञान त्याला टेलिफोन एक्स्चेंजच्या नोकरीने दिले होते. ब्लेचलीचा पाठिंबा नसताना, पोस्ट खात्याच्या बळावर आणि पदरचे पैसे घालून त्याने वर्षभराच्या आत सुमारे १,६०० व्हॉल्व्हचे यंत्र उभे केले. ब्लेचलीच्या आधीच्या यंत्रात दोन कागदी फिती एकमेकींच्या तालात पळवाव्या लागत. त्या ताणल्या जात, फाटत. फ्लॉवर्सने त्यांतली एक फीतच काढून टाकली आणि चक्रांचे नमुने व्हॉल्व्हच्या मंडलांतून निर्माण केले. उरलेली फीत सेकंदाला पाच हजार अक्षरे या वेगाने वाचली जाई. ५ फेब्रुवारी १९४४ रोजी कोलोससने पहिला खरा संदेश हाती घेतला. सुमारे २,४०० व्हॉल्व्हची सुधारित आवृत्ती १ जूनला चालू झाली. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरायला तेव्हा पाच दिवस उरले होते.

ती यंत्रे चालवली कोणी? ब्लेचलीतील गणितज्ञ मॅक्स न्यूमनच्या विभागात युद्धाच्या अखेरीस २७ पुरुष होते आणि महिला नौदलाच्या २७२ मुली! पाळ्यापाळ्यांनी, अहोरात्र, त्या फिती चढवत होत्या, स्विच लावत होत्या, आकडे उतरवून घेत होत्या. युद्ध संपले आणि त्या घरी गेल्या. नवऱ्याला, मुलांना, आईबापांना युद्धात काय केले ते सांगण्याची त्यांना बंदी होती. फ्लॉवर्सच्या हाती सरकारने एक हजार पौंड ठेवले; त्यातून त्याचा स्वतःचा खर्चही भरून निघाला नाही. १९४६ मध्ये अमेरिकेचे एनिॲक यंत्र जगापुढे आले आणि पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकाचा मान त्याच्याकडे गेला. कोलोसस एकाच कामासाठी बांधलेले होते, एनिॲकसारखे बहुकामी नव्हते, हे खरे. पण ते आधी चालले होते, आणि हे सांगायला त्याच्या कर्त्याला तोंड नव्हते. जगात वाहवा झाली ती ब्लेचलीचा गणितज्ञ ॲलन ट्युरिंग आणि एनिग्माची. ट्युरिंग थोर होताच. त्याच्यावर त्याच्याच देशाने केलेला अन्याय अक्षम्य आहे. पण आजही कोलोसस त्याच्या नावावर खपवले जाते, ते फ्लॉवर्सच्या कागदांची राख झाली म्हणून.

गुप्ततेचे वकील म्हणतील, शीतयुद्ध होते, इलाज नव्हता. आम्हाला हे मान्य नाही. गुपित राखायला कुलूप पुरते, घण लागत नाही. एक यंत्र, एक संच आराखडे, एक बंद खोली आणि दाराशी एक पहारेकरी एवढ्याने भागले असते. गुप्ततेला मुदत हवी. तिच्या नावाखाली विध्वंस करण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही. कोलोससची छायाचित्रे १९७५ साली खुली झाली आणि त्या कामाचा सविस्तर अहवाल २००० साली. फ्लॉवर्स १९९८ मध्येच गेला होता.

मग आज ब्लेचलीत उभे असलेले कोलोसस आले कोठून? हुकूम मोडणाऱ्यांमुळे! काही अभियंत्यांनी मंडलांच्या आकृत्यांचे तुकडे लपवून ठेवले होते. १९९१ च्या सुमारास ब्लेचलीच्या इमारतीच पाडायला निघाल्या होत्या. स्थानिक इतिहासप्रेमी आडवे उभे राहिले म्हणून त्या वाचल्या. १९९३ मध्ये टोनी सेल या अभियंत्याने मूठभर छायाचित्रे, त्या आकृत्या आणि म्हाताऱ्या अभियंत्यांच्या आठवणी एवढ्या भांडवलावर पुनर्रचना सुरू केली. टेलिफोन एक्स्चेंजांतून निघालेले जुने भाग गोळा केले. १९९६ साली यंत्र चालू झाले, २००७ साली पूर्ण झाले. आणि २०१६ मध्ये लोरेंझचा एक टेलिप्रिंटर एसेक्समधील एका घराच्या शेडमध्ये कचऱ्यात पडलेला सापडला. ईबेवर त्याची किंमत मागितली होती साडेनऊ पौंड. साम्राज्याने जे फेकले ते निवृत्त माणसांनी आणि स्वयंसेवकांनी वेचले.

इंग्रजांना शिव्या घालून आपले हात स्वच्छ होत नाहीत. ब्लेचलीची एक शाखा दिल्लीत आनंद पर्वतावर होती. आपल्या कोणत्या शाळेत ते शिकवतात? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली चालू झाला, १९६२ साली नेहरूंनी त्याचे नामकरण केले. पुण्यात १९९१ मध्ये परम हा महासंगणक उभा राहिला. या वस्तूंना आपला कायदा काय संरक्षण देतो? १९७२ चा पुरावशेष कायदा वस्तूला शंभर वर्षे झाल्याखेरीज तिला पुरावशेष मानत नाही, म्हणजे टिफ्रॅकची पाळी २०६० साली! १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा संगणकातून निघालेल्या कागदाला जपतो, पण तो कागद काढणाऱ्या संगणकाला नाही. शंभर वर्षे कोणता व्हॉल्व्ह, कोणती चुंबकीय फीत वाट पाहील? बँका, विद्यापीठे, रेल्वे, वेधशाळा यांच्या गोदामांतली यंत्रे 'निर्लेखित' असा शिक्का बसताच किलोच्या भावाने लिलावात जातात, आणि त्यांबरोबर जातात त्यांची माहितीपुस्तके, सुटे भाग आणि प्रोग्रॅमच्या फिती. त्या यंत्रांवर हात चालवलेले अभियंते आणि ऑपरेटर आता वयाच्या ऐंशीकडे झुकले आहेत; त्यांना कोणी विचारायला जात नाही.

म्हणून केंद्र सरकारकडे आमची मागणी आहे: विज्ञान आणि संगणनाच्या साधनांपुरती शंभर वर्षांची अट तीस वर्षांवर आणा. महाराष्ट्र सरकारकडे मागणी आहे: कोणतेही शासकीय कार्यालय किंवा विद्यापीठ जुने संगणकयंत्र लिलावात काढण्यापूर्वी जाणकाराची तपासणी सक्तीची करा आणि तसा शासननिर्णय याच अधिवेशनात काढा. आणि मुंबई-पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना आमचे सांगणे आहे: पुढच्या सत्रापासून प्रत्येक विद्यार्थ्याला एका निवृत्त संगणक-कामगाराकडे ध्वनिमुद्रक घेऊन पाठवा, त्याचे बोलणे लिहून काढा आणि त्याला गुण द्या.