पदके हॉकीची, गर्दी फुटबॉलची

ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीत आठ सुवर्णपदके मिळवली. फुटबॉलमध्ये आपला संघ विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत आजवर एकदाही खेळलेला नाही. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांतली दोन सुवर्णपदके आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक, एवढीच काय ती आपली फुटबॉलमधली मोठी कमाई. हा हिशेब पाहिला तर प्रेक्षक कोणत्या खेळाच्या मागे असायला हवेत, हे शाळकरी पोरही सांगेल. प्रत्यक्षात चित्र उलटे आहे. नागपुरात महालात जा, सदरला जा की मोमिनपुऱ्यात जा, पाठीवर मेस्सीचे नाव मिरवणारा एखादा तरी मुलगा भेटतोच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दहा गोल करणाऱ्या आपल्या कर्णधाराच्या, हरमनप्रीत सिंगच्या नावाचा सदरा घातलेला मुलगा मला या शहरात अजून दिसायचा आहे.

असे का व्हावे? क्रिकेटने हॉकी गिळली, हे ठरलेले उत्तर. पण क्रिकेट फुटबॉलच्याही वाट्याला आलेच की! आपण हरू लागलो म्हणून लोक पांगले, हे दुसरे उत्तर. हरण्याचाच प्रश्न असेल तर फुटबॉलच्या सामन्यांना काळे कुत्रेही फिरकायला नको होते. पण १९९७ साली कलकत्त्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान समोरासमोर आले, तेव्हा सव्वा लाखाहून अधिक माणसे जमली होती. भारतीय संघ जगात कितवा आहे, याची चौकशी त्यातल्या कुणी केली असेल असे वाटत नाही.

तिसरे उत्तर डोळ्यांचे आहे आणि त्यात थोडे तथ्य आहे. हॉकीचा चेंडू क्रिकेटच्या चेंडूएवढा. तो फटक्यासरशी असा जातो की दूरच्या पायरीवर बसलेल्याला गोल झाल्याचे शिट्टी वाजल्यावरच कळते. त्यात नियम वरचेवर बदलतात. ऑफसाइड गेला, पस्तीस मिनिटांचे दोन डाव जाऊन पंधरा मिनिटांचे चार आले. जुन्या प्रेक्षकाला नवा खेळ ओळखू येईना. फुटबॉलचा चेंडू मात्र शेवटच्या रांगेतून दिसतो आणि आजीबाईंनाही पाच मिनिटांत खेळ समजतो.

तरीही मला खरे कारण वेगळेच वाटते. प्रेक्षक मुळात कोण असतो? जो कधीतरी तो खेळ खेळलेला असतो, किंवा ज्याचा भाऊ, शेजारी, वर्गमित्र तो खेळत असतो, तोच पायऱ्यांवर येऊन बसतो. हॉकी गल्लीतून उठली आणि तिचा प्रेक्षकही तिच्याबरोबर उठला.

आपल्या भागाला हॉकी परकी नव्हती. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकसाठी संघ निवडायचा म्हणून कलकत्त्यात प्रांतांची स्पर्धा झाली, तीत पाचच संघ उतरले होते. त्यात पंजाब, बंगाल, राजपुताना आणि संयुक्त प्रांताबरोबर मध्य प्रांतही होता. आणि मध्य प्रांताची राजधानी म्हणजे हे आपले नागपूर. लष्कर, रेल्वे आणि पोलीस यांच्या मैदानांवर देशभर हा खेळ वाढला. मुरमाच्या मैदानावर एक काठी आणि एक चेंडू असला की भागत असे.

१९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. वर्षभरापूर्वीच क्वालालंपूरला विश्वचषक जिंकलेला आपला संघ तेथे सातवा आला. या पराभवाची चर्चा पुष्कळ झाली. पण त्यापेक्षा मोठे नुकसान घरात झाले. तशी हिरवळ अंथरायची तर काही कोटी रुपये लागतात, वर तिला पाणी पाजावे लागते आणि काही वर्षांनी ती बदलावी लागते. कुठली शाळा हे करणार? मातीवर शिकलेल्या पोराला हिरवळीवर नव्याने शिकावे लागते, आणि हिरवळ तर गावातच नाही. मग त्याच्या हाती हॉकी कोण देईल?

फुटबॉलला असे काही लागत नाही. आपल्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पाहिलेली झोपडपट्टीतली मुले पावसात फुटकी बादली लाथाडत खेळत होती. त्यातूनच ‘झोपडपट्टी फुटबॉल’ उभा राहिला आणि नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ २०२२ साली पडद्यावर आला. कोल्हापुरात तर फुटबॉल पेठेपेठेत आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींची नावेच संघांची नावे आहेत. म्हणून शाहू स्टेडियमवर जो ओरडतो तो स्वतःच्या पेठेसाठी ओरडतो. आपल्याकडे कामठी आहे. छावणीच्या या गावात फुटबॉल मुरला आहे. रब्बानी क्लबचा सामना असला की मैदानाच्या कडेला पोक्त माणसेसुद्धा “अबे, पास दे ना बे!” म्हणून घसा कोरडा करतात. कारण चुकलेला तो पोरगा त्यांच्याच मोहल्ल्यातला असतो.

कुणी म्हणेल, हॉकी हा बघण्याचा खेळच नव्हे. त्याने ओडिशाकडे पाहावे. जानेवारी २०२३ मध्ये विश्वचषकासाठी राउरकेलाला वीस हजारांहून अधिक आसनांचे बिरसा मुंडा स्टेडियम उघडले आणि ते तुडुंब भरले. राउरकेला ज्या सुंदरगड जिल्ह्यात आहे, तेथे आदिवासी गावांत बकऱ्याच्या बक्षिसासाठी हॉकीचे सामने होतात. दिलीप तिर्की याच जिल्ह्यातला. चेंडू तेथेही तेवढाच लहान आणि नियम तेच. फरक एवढाच की मैदानात खेळणारा कुणाचा कोण, हे पायऱ्यांवर ठाऊक असते.

व्यावसायिक लीगवाल्यांना हे उमगलेले दिसत नाही. हॉकीची लीग २०१३ मध्ये सुरू झाली, २०१७ नंतर बंद पडली. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. ज्या राज्याने धनराज पिल्ले दिला, त्याची ही गत! फुटबॉलची सुपर लीग २०१४ मध्ये वाजतगाजत आली, पण २०२५ चा हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नाही. लिलावात खेळाडू घेता येतात, प्रेक्षक तसा मिळत नाही.

म्हणून फुटबॉलप्रेमींनीही फार खूश होण्याचे कारण नाही. युरोपातला सामना पाहायला रात्री दोनपर्यंत जागणारा आपला मुलगा संध्याकाळी मोतीबागेच्या रेल्वे मैदानावर राहुल क्लबचा सामना पाहायला जातो का? बहुतेक घरांत या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच येईल. त्याला मँचेस्टरचा राखीव खेळाडू माहीत असतो, गल्लीतला गोलरक्षक माहीत नसतो. आपल्या नजरेदेखत फुटबॉलही हॉकीच्याच वाटेने निघाला आहे. हॉकी हिरवळीवर गेली आणि फुटबॉल पडद्यावर चालला आहे, एवढाच फरक.

यात पणाला काय लागले आहे? ज्या पोरांना कुणी पाहत नाही ती पोरे विसाव्या वर्षी खेळ सोडतात. आणि ज्या मैदानात कुणी येत नाही ते सभांना, प्रदर्शनांना आणि लग्नांना द्यायला कुणाला काहीच वाटत नाही. धंतोलीचे यशवंत स्टेडियम हिवाळी अधिवेशनातल्या मोर्चांचे ठिकाण म्हणून उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ते खेळाचे मैदान आहे, हे आपल्यालाच आठवावे लागते.

सरकारने हिरवळी घालाव्यात, हे म्हणणे सोपे आहे आणि ते म्हटलेही पाहिजे. पण तोवर शाळांनी मातीवरची हॉकी तरी बंद पडू देऊ नये. वर्तमानपत्रांनी स्थानिक सामन्यांचा निकाल छापतात तशी आदल्या दिवशी वेळ आणि जागाही छापावी. आणि आपण, कुटुंबवत्सल माणसांनी, महिन्यातला एक रविवार मॉलला सुट्टी देऊन मुलांना मैदानावर न्यावे. मग तो सामना हॉकीचा असो की फुटबॉलचा. फल्ली दाणे तेवढे खिशात असू द्यावेत. मध्यंतरापर्यंत मुलाला दोन खेळाडूंची नावे पाठ झालेली असतील, आणि पुढच्या वेळी ‘आज सामना कुणाचा?’ असे तोच विचारील.