एका जिल्ह्यात दोन गणेशचतुर्थ्या: पंचांगवादातला विसरलेला तिसरा पक्ष

१/ २०२३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत गणपती २० ऑगस्टला बसले, शेजारच्या घरांत १९ सप्टेंबरला. अशा वर्षी या घरांची जी थट्टा होते ती अनाठायी आहे. या एका महिन्यामागे शतकाहून जुना शास्त्रीय वाद आहे.

२/ चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौरवर्ष ३६५ दिवसांचे. ही तफावत अधिक मासाने भरून निघते. वेदांगज्योतिषात पाच वर्षांच्या युगात ६२ चांद्रमास येतात, त्यांपैकी २ अधिक. फ्रान्समध्ये कोलिन्यी येथे १८९७ साली सापडलेल्या केल्टिक कांस्यपटावरही पाच वर्षांचे महिने ६२ आणि त्यांत अधिक २. सण ऋतूंपासून सुटू नयेत, ही काळजी दोन्हीकडे सारखीच होती.

३/ अधिक मास कोणता, हे सूर्याच्या संक्रांतींवरून ठरते. आणि संक्रांत केव्हा, हे राशिचक्राचा आरंभ कोठे मानावा यावरून. प्रचलित पंचांगे चित्रा तारा प्रमाण मानतात, टिळक पंचांग रेवती. दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. म्हणून टिळक पंचांगाची मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. आणि म्हणूनच २०२३ चा अधिक श्रावण त्यात नव्हता.

४/ लोकमान्यांचा जन्म रत्नागिरीचा, १८५६ चा. त्याच जिल्ह्यातील मुरूड गावी १८५३ साली शंकर बाळकृष्ण दीक्षित जन्मले. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (१८९६) या ग्रंथाचे हे कर्ते चित्रा किंवा रेवतीच्या नव्हे, तर सायन पक्षाचे होते. वर्षाचा आरंभ ताऱ्यावरून न धरता वसंतसंपातावरून धरावा, हे त्या पक्षाचे म्हणणे.

५/ त्याचे कारण साधे आहे. नक्षत्रवर्ष ऋतुवर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे असते. त्यामुळे साधारण ७१ वर्षांत सण ऋतूच्या मागे एक दिवस रेंगाळतात. उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू होते. संक्रांत मात्र १४-१५ जानेवारीवर येऊन ठेपली आहे. तारा कोणताही धरला, तरी ही घसरण थांबत नाही. युरोपने १५८२ साली दहा दिवस गाळले, तेही संपात हातचा सुटत चालला म्हणूनच.

६/ निरयन पक्षाचा आक्षेप पोकळ नाही. चित्रेजवळ पौर्णिमा म्हणून चैत्र. सायन गणनेत हे नाते तुटते. पण नाव जुने राहून अर्थ सैल झाला, तर फार बिघडत नाही. नारळी पौर्णिमा मात्र पावसाळी समुद्र शांत होण्याच्या काळाशी बांधलेली आहे. काही सहस्रकांनी ती हिवाळ्यात आली, तर नारळ अर्पण करण्याचे प्रयोजनच उरणार नाही.

७/ म्हणून ऑगस्टचा गणपती खरा की सप्टेंबरचा, हा वाद दुय्यम आहे. दोन्ही पंचांगे ताऱ्यांशी प्रामाणिक आहेत. सण ताऱ्यांचे की ऋतूंचे, हा सायनवाद्यांचा प्रश्न मुळाशी जाणारा आहे, आणि त्याचे उत्तर ऋतूंच्या बाजूने द्यावे लागेल. रत्नागिरीने आपल्या एका सुपुत्राचे पंचांग निष्ठेने जपले. दुसऱ्याचा युक्तिवादही तितक्याच गांभीर्याने वाचला जायला हवा.