करपा लागलेल्या भाताला युरिया

काजूचा भाव पडला की आमच्या बैठकीत दोन तऱ्हेची माणसे दिसतात. काही भांडून मोकळी होतात. काही मागे गप्प बसतात आणि पुढच्या बैठकीला येतच नाहीत. हे लिहितो आहोत ते त्यांच्यासाठी.

‘ध्यान करा, मन ताब्यात ठेवा’ असे शेतकऱ्याला सांगण्याची हल्ली टूम निघाली आहे. भाव व्यापाऱ्याने पाडायचा आणि दोष शेतकऱ्याच्या मनाला द्यायचा, हा हिशेब आम्हाला मान्य नाही. पण म्हणून हा उपचार थोतांड ठरत नाही. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली जुनाट दुखणेकऱ्यांसाठी श्वासावर लक्ष ठेवण्याचा क्रम सुरू केला. त्यातूनच पुढे वारंवार उलटणाऱ्या नैराश्यासाठी आठ आठवड्यांचा उपचार तयार झाला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत, गोळ्या चालू ठेवणारे आणि हा क्रम करून गोळ्या हळूहळू कमी करणारे, दोघांतही आजार उलटण्याचे प्रमाण जवळपास सारखे आले.

मात्र ही माणसे आजारातून सावरलेली होती आणि गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी केल्या होत्या. रात्ररात्र झोप नसलेल्या, जेवण टाकलेल्या माणसाला नुसते डोळे मिटून बसवणे म्हणजे करपा लागलेल्या भाताला युरिया मारणे. इगतपुरीची विपश्यना परंपरासुद्धा गंभीर मनोविकार असलेल्यांना दहा दिवसांच्या शिबिरास बसू नका म्हणते.

पत्रादेवीपलीकडे गोव्यात वेगळा प्रयोग झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. सुटलेली कामे, तुटलेल्या गाठीभेटी पुन्हा सुरू करायला लावल्या. तीव्र नैराश्य कमी झाल्याचे २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. आपल्या राज्याने २०१५ साली ‘प्रेरणा’ प्रकल्प काढला तो विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांसाठी. कोकणात आत्महत्येचा आकडा लहान, म्हणून दुःखही लहान समजायचे काय?

२०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा हक्क आहे. असे समुपदेशक आमच्या तालुक्याच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात हवेत. बांबोळीची वारी प्रत्येकाला परवडत नाही. हा ठराव जिल्हा बैठकीत येईल.

तोपर्यंत एक करा. घरात कोणी गप्प झाले असेल तर फवारणीचे औषध घरात ठेवू नका, त्याला एकटे सोडू नका. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येते. आणि मागच्या बैठकीला जो आला नाही, त्याच्या घरी या आठवड्यात जाऊन या.