टेम्प्लेटमधली 'सौ.' कुणी लिहिली?





"मजकूर महत्त्वाचा, टेम्प्लेट कुठलेही चालते," असे चांगी बिझनेस पार्कमधल्या मराठी मंडळींकडून मी अनेकदा ऐकले आहे. हीच मंडळी ऑफिसच्या पत्रात लोगो जरा सरकला तरी मीटिंग लावतात. मराठी पत्राचे टेम्प्लेट मात्र कुणीतरी कधीतरी केलेले, तसेच चालू राहते. हा आळस निरुपद्रवी नाही, असे माझे ठाम मत आहे.

पत्र तयार कसे होते ते पाहू. आपण साध्या टेक्स्ट फाइलमध्ये चार परिच्छेद लिहितो. पॅनडॉक किंवा इमॅक्सचा ऑर्ग मोड तो मजकूर लाटेककडे सोपवतो आणि सुबक अक्षरजुळणी केलेली पीडीएफ हाती येते. मधल्या पायरीवर टेम्प्लेट स्वतःचे शब्द घालते: पत्त्यावरची उपाधी, मायना, समारोप. आपण न लिहिलेले शब्द आपल्या सहीने जातात.

माझ्या माहितीतल्या एका मंडळाच्या सभासद यादीत 'वैवाहिक स्थिती' असा रकाना होता. त्याचा उपयोग एकच: बाईच्या नावाआधी कु., सौ. की श्रीमती, हे टेम्प्लेटला कळावे. माझ्या मैत्रिणीचा नवरा वारला आणि वर्गणीच्या पुढच्या पत्रावर 'सौ.' जाऊन 'श्रीमती' आले. मजकूर तोच, रक्कम तीच. पुरुष मात्र लग्नाआधी, लग्नानंतर आणि बायको गेल्यावरही 'श्री.'च!

हा प्रश्न परदेशातल्या मंडळांपुरता नाही. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला. तरीही एप्रिल 2023 मध्ये तेव्हाचे महिला व बालविकासमंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' शब्दाचा प्रस्ताव पुढे आणला. टीका झाल्यावर निर्णय झालेला नाही, असा खुलासा आला. शब्द बदलून काय होणार? बाईच्या नावाला नवऱ्याच्या हयातीचा शिक्का हवाच कशाला?

"ही आपली पत्रलेखनाची परंपरा आहे," असे कुणी म्हणेल. त्याच परंपरेत 'स.न.वि.वि.' आहे. सप्रेम नमस्कार विनंती विशेष: हा मायना कुणाचे लग्न झाले आहे का, हे विचारत नाही. परंपरेतून काय उचलायचे हे आपणच ठरवतो.

"डिफॉल्टला हात लावू नये," हा दुसरा आक्षेप. लाटेकच्या कोमा-स्क्रिप्टमधल्या पत्राचे डिफॉल्ट जर्मन मानकाचे आहे. स्विस, फ्रेंच, जपानी पत्रांसाठी त्यात वेगळ्या सेटिंग फाइली आहेत. पाकिटाच्या खिडकीसाठी एवढा खटाटोप होतो. माणसाच्या मानासाठी आपण चार ओळी लिहू नयेत?

तेव्हा माझ्या सूचना अशा:

1. वैवाहिक स्थितीचा रकाना काढून टाका. सिंगापूरचा 2012 चा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदाही वाजवी हेतूपुरतीच माहिती घ्या, असे सांगतो.

2. उपाधीचा रकाना ऐच्छिक ठेवा. सभासद जे लिहील तेच छापा. पॅनडॉकच्या टेम्प्लेटमध्ये 'इफ'ची अट घालता येते. रकाना रिकामा असेल तर काहीच छापू नका.

3. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव असे तीन कप्पे नकोत. पूर्ण नावाचा एकच कप्पा पुरे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाच्या कागदपत्रांवर वडिलांच्या आधी आईचे नाव येते. ही मुले आपल्या तीन कप्प्यांत मावणार नाहीत.

4. मायना सर्वांना एकच: स.न.वि.वि.

काम एका संध्याकाळचे आहे. आपण स्त्री-पुरुष समतेवर व्याख्याने ठेवतो आणि त्यांची निमंत्रणे 'श्री. व सौ.' अशा पत्त्याने धाडतो. पुढच्या कार्यक्रमाचे पत्र निघण्याआधी आपल्या मंडळाची टेम्प्लेट फाइल उघडा आणि आपल्या नावावर काय काय छापले जाते ते एकदा वाचा.