मांजरीची माती आणि भाड्याची खोली



मांजरीच्या हागण्या-मुतण्यावर आम्ही लेखणी चालवावी, याचे काहींना हसू येईल. पण गेल्या पावसाळ्यात वर्ध्यातील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबावर खोली सोडण्याची पाळी आली ती याच कारणाने. दोन खोल्या, सहा माणसे, धान्याच्या कोठीत उंदीर, म्हणून मांजर पाळलेली. पावसात ती बाहेर जाईना, तेव्हा पलंगाखाली जुन्या घमेल्यात रेती भरून ठेवली. आठ दिवसांत वास दारापर्यंत आला आणि घरमालकाला निमित्त मिळाले. शहरात खोली मागायला गेले की आपल्या माणसांना आधी आडनाव विचारले जाते, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. मोठ्या मुश्किलीने मिळालेली खोली मांजरीच्या वासापायी जाऊ द्यायची काय? आजी म्हणे, मांजर पोत्यात घालून दूर सोडून या. नातवंडे रडू लागली. शेवटी आम्हाला बोलावणे आले. आम्ही पडलो कारकून. जनावरांचे डॉक्टर नव्हेत. पण चौकशी करण्याची आम्हाला खोड आहे.

पहिली चूक रेतीची. रेती ओल धरून ठेवत नाही, खाली झिरपू देते. मूत घमेल्याच्या तळाशी साचते, तेथे जंतू त्यातील युरियाचा अमोनिया करतात आणि नाकाला झोंबणारा तो वास सुटतो. दुसरी चूक त्याहून मोठी. वास मारण्यासाठी सून रोज काळे फिनेल ओतत होती. फिनेलमधील द्रव्ये मांजरीच्या शरीराला पचवता येत नाहीत. ती पाय चाटते, फिनेल पोटात जाते आणि विषबाधा होते. ब्लिचिंग पावडर तर मुतावर कधीच टाकू नये. अमोनियाशी तिचा संयोग होऊन विषारी वायू निघतो, आणि बंद खोलीत तो माणसांनाही बाधतो. घमेले साध्या साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवावे, एवढे पुरे.

मग घमेल्यात घालावे काय? पूर्वी अमेरिकेतही लोक राख आणि रेतीच वापरत. १९४७ साली मिशिगन राज्यात एड लो नावाच्या तरुणाने एका शेजारणीला रेतीऐवजी शोषक माती दिली. ही माती म्हणजे आपल्या बाया केस धुवायला वापरतात त्या मुलतानी मातीचीच जात. त्यातून त्याचा मोठा धंदा उभा राहिला. पुढे १९८० च्या दशकात बेंटोनाइट नावाची माती आली. ती ओल लागताच फुगते आणि तिचा गोळा होतो. तेवढा गोळा उचलून फेकला की बाकीची माती कोरडी राहते. आपल्या देशात ही माती गुजरातेत कच्छकडे आणि राजस्थानात बाडमेरकडे निघते. आज शहरातील दुकानांत मिळणाऱ्या, गोळा धरणाऱ्या बहुतेक पिशव्यांत हीच असते.

येथे आम्हाला एक गंमत कळली. बेंटोनाइट ज्या खनिजामुळे फुगते त्याचे नाव मॉन्टमोरिलोनाइट. आपल्या हिंगणघाट-समुद्रपूरकडच्या काळ्या मातीत त्याच कुळातील खनिजे भरलेली आहेत. म्हणूनच ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि आपल्या घरांच्या भिंती तडकवते. तेव्हा फुकटची माती असताना विकत कशाला घ्यावी, असा हिशेब आम्ही केला. फवारणी न झालेल्या पडीत जागेतून, वरचा थर काढून माती आणली, फोडली, चाळली, ज्वारीच्या दाण्याएवढे खडे निवडून वाळवले. गोळा झाला, खोटे बोलत नाही. पण तो घमेल्याला असा चिकटला की उलथन्याने खरवडावा लागला, आणि मांजरीच्या पायांना लागलेला चिखल चादरीवर उमटला. तिप्पट मातीत एक भाग लाकडाचा भुसा मिसळल्यावर बरे चालले. तरी पावसाळ्यात माती वाळत नाही. उन्हाळ्यापुरताच हा उपाय, असे आमचे मत झाले.

नुसता भुसा आरामशीनवर जवळजवळ फुकट मिळतो. तो ओल शोषतो, वासही बराच दाबतो. गोळा मात्र होत नाही, म्हणून ओला झालेला भाग रोज काढावाच लागतो. प्लायवुडचा किंवा वाळवीचे औषध मारलेल्या लाकडाचा भुसा घेऊ नये. राख आम्ही बाद केली. ती घरभर उडते आणि ओली झाली की मांजरीच्या पंजांना झोंबते. विजेच्या अर्थिंगसाठी बेंटोनाइटची भुकटी मिळते, ती स्वस्त दिसते म्हणून कोणी आणू नये. तिचा चिखल होतो, आणि अर्थिंगच्या मसाल्यात आणखी काय मिसळले आहे ते पिशवीवरून समजत नाही.

विकत घेणाऱ्यांनी पिशवीचा भाव पाहू नये, दिवसाचा पाहावा. समजा एक पिशवी ३०० रुपयांची, ती १५ दिवस पुरली, तर रोजचे २० रुपये. दुसरी ४५० ची, पण गोळा घट्ट धरते म्हणून ३० दिवस गेली, तर १५ रुपये. महाग दिसणारी दुसरीच स्वस्त. पारख सोपी आहे. वाटीत तीन बोटे माती घ्या, दोन चमचे पाणी टाका, पाव तास थांबा. गोळा चमच्याने अखंड उचलला गेला तर माती चांगली, फुटला तर पैसे वाया. अत्तराच्या वासाच्या पिशव्या घेऊ नका. मांजरीला तो वास आवडला नाही तर ती घमेले सोडून गादीवर मुतेल. त्यापेक्षा चिमूटभर खाण्याचा सोडा मातीत मिसळावा.

आता ज्या गोष्टीने आम्ही चमकलो ती सांगतो. हे घमेले साफ करणारी सून चौथ्या महिन्यात होती. मांजरीच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू पसरू शकतो आणि तो पोटातील बाळाला इजा करतो. कच्चे मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही तो येतो, तेव्हा सगळा दोष मांजरीवर टाकू नये. पण उंदीर मारून खाणाऱ्या मांजरीकडून धोका असतोच. विष्ठेतील हा जंतू बाधणारा व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून घमेले रोज साफ झाले पाहिजे आणि ते गर्भवतीने करू नये. आम्ही मुलाला विचारले, तू का करत नाहीस? तो म्हणाला, हे बायकांचे काम. साहेबांच्या कचेरीत शिपाई असलेला हा मुलगा १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे असतो. आम्ही फार बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून चमचा त्याच्या हाती आला.

राहिला प्रश्न टाकण्याचा. ही माती संडासात टाकली तर फुगून नळ तुंबतो. नालीत टाकली तर ती उपसायला कोण उतरतो, हे आपल्यापैकी पुष्कळांना घरातूनच ठाऊक आहे. म्हणून गोळे कागदात नीट गुंडाळून, बांधून, घंटागाडीवाल्याला आत काय आहे ते सांगून द्यावे. तो उघड्या हाताने कचरा निवडतो. अंगण असेल तर भुसा-मातीचे मिश्रण विहिरीपासून दूर खोल खड्ड्यात पुरावे, भाजीच्या वाफ्यात घालू नये.

त्या घरी आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर धाकटा नातू पिशवी उघडल्याची तारीख लिहितो. घरमालक परवा भाडे घ्यायला आले, दहा मिनिटे बसले. मांजर त्यांच्या खुर्चीखालीच होती. त्यांनी पाण्याच्या मोटारीच्या बिलाचा विषय काढला आणि गेले.