मेलेले कर्ज आणि जिवंत शेरा

भुशी धरणाच्या वाटेवर कणसे-भजी विकणाऱ्यांचे वर्ष पावसाळ्यावर निघते. २०२० आणि २०२१ या दोन्ही पावसाळ्यांत तेथे पर्यटनबंदी होती. कर्जावरील व्याजाला मात्र बंदी नव्हती. अशा थकबाकीदाराला ‘कर्जबुडवा’ म्हणून मोकळे होणाऱ्या सद्‌गृहस्थांनी आपल्याच जिल्ह्यातील सुपे आठवावे. १८७५ साली तेथील शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, तेव्हा कुठे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. आजचे रोखे संगणकात आहेत. ते जळत नाहीत.

विनातारण कर्जाच्या दाव्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे सामान्यतः तीन वर्षे. पतमाहिती कंपनीने मात्र नोंद किमान सात वर्षे जपायची! म्हणजे धनकोला न्यायालयाचे दार बंद झाले, तरी ऋणकोला बँकेचे दार उघडत नाही. मग तो खाजगी सावकाराकडे जातो, दुसरे काय करील?

वसुली-दलाल नेमकी हीच नड हेरतो. “एवढी सही करा, थोडे भरा, पत सुधारेल.” त्या कागदावर फेडीचे वचन असेल, तर १८७२ च्या करार कायद्याचे पंचविसावे कलम मुदतबाह्य कर्जही पुन्हा दावा लावण्याजोगे करते. आणि तडजोडीने रक्कम भरली, तरी ‘सेटल्ड’ हा शेरा कपाळी राहतोच.

कर्ज फेडू नये, असे आम्ही म्हणत नाही. मुदत उलटलेल्या कर्जाच्या प्रत्येक मागणीपत्रावर तसे ठळक मराठीत छापण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेने करावी, आणि तडजोड पुरी होताच शेरा पुसावा, एवढेच आमचे मागणे आहे.