तुमचं तिकडं असतं की!

इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला येणारा पोरगा म्हणजे पंगत उठायच्या वेळी पोचलेला पाव्हणा. दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निकात घासायची, डिप्लोमा घ्यायचा आणि मग दुसऱ्या वर्षात शिरायचं. तोवर तिथली पोरं वर्षभर एकत्र जेवलेली, कंपू ठरलेले, खोल्या वाटून झालेल्या. उरलेल्या चार-दोन कॉटवर कोण झोपणार, एवढंच ठरायचं बाकी.

मी मराठवाड्यातून पुण्यात असाच आलो. कॉलेजच्या होस्टेलचा फॉर्म खिडकीतून आत सरकवला. कारकुनानं आडनाव वाचलं, जातीच्या दाखल्यावरून नजर फिरवली आणि एकदम मायेनं बोलला, "अरे, कशाला पैसे घालवतोस? तुमचं तिकडं असतं की! समाजकल्याणचं. राहणं फुकट, खाणं फुकट." शिवी दिली असती तर मी त्याची कॉलर धरली असती. त्यानं माया दाखवली आणि मी फॉर्म परत घेतला.

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. इथंच मी साला हरलो. ताट कुणाच्या शेजारी ठेवायचं, बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावायचा की पेटीत ठेवायचा, "पूर्ण नाव काय?" असं रूम पार्टनरनं विचारलं की काय सांगायचं, या सगळ्यातून सुटका. मला कुणी हाकललं नव्हतं. मीच पळालो. पळायची वाट तेवढी त्यांनी आधीच झाडून ठेवली होती.

असे पळालेले आपण एकटे नाही. दिल्लीच्या एम्सवर २००७ साली सुखदेव थोरात समितीचा अहवाल आला. दलित-आदिवासी पोरं वसतिगृहाच्या ठराविक मजल्यांवर गोळा झालेली. का, तर आधीच्या खोल्यांत छळ आणि अपमान. अशा पळण्याला ऑफिसात नाव असतं 'विनंतीवरून खोलीबदल'. वा रे विनंती!

आता आपल्या वसतिगृहाबद्दल. त्याची निंदा मी करणार नाही. आमटीत डाळ शोधावी लागायची, संडासाला रांग, पण रात्री दोन-दोनपर्यंत वाद पेटायचा. 'जातिसंस्थेचे निर्मूलन' मी तिथंच वाचलं, परभणीच्या एका पोराच्या फाटक्या प्रतीतून. १९७२ साली पँथर उभी राहिली ती वडाळ्याच्या सिद्धार्थ विहारसारख्या वसतिगृहांतल्या जागरणांतून. हे ऋण आहेच. पण त्याची किंमतही सांगितली पाहिजे. कॉलेज शहराच्या एका टोकाला, वसतिगृह दुसऱ्या. मध्ये दोन बस. पाचला प्रॅक्टिकल सुटलं की मी धावत सुटायचो, कारण आठनंतर मेस बंद. आणि कॉलेजची खरी शाळा तर पाचनंतर भरायची. जुन्या जर्नल खोल्याखोल्यांतून फिरायच्या, सीनियर गणितं सोडवून द्यायचे, कुठली कंपनी येणार ते जिन्यात कळायचं. त्या वर्षी माझे दोन विषय राहिले. मास्तर म्हणाले, डिप्लोमावाल्यांचं गणित कच्चं असतं. असेल. पण ते पक्कं व्हायचं पाचनंतर, आणि पाचनंतर मी बसच्या दांडीला लोंबकळत होतो.

बाबासाहेबांचंच बघा. १९१३ साली कोलंबियाला गेले. पहिली खोली हार्टले हॉलमध्ये. जेवण रुचेना म्हणून आठवड्यात सोडली. मग कॉस्मोपॉलिटन क्लब, मग लिव्हिंग्स्टन हॉल, सोबतीला पारशी दोस्त नवल भथेना. जेवण आवडलं नाही म्हणून खोली बदलायची! ही ऐट आपल्या माणसाला न्यूयॉर्कात मिळाली. तोच माणूस १९१७ साली बडोद्यात नोकरीवर आला, तर पारशी धर्मशाळेतून लाठीवाल्या टोळक्यानं बाहेर काढला. अख्ख्या शहरात खोली मिळेना. पुढं १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापुरात वसतिगृह काढलं, ते आपल्या पोरांना शाळेचं दार उघडावं म्हणून. आम्हाला तिकडं ढकलून कॉलेजच्या होस्टेलांनी आपले मजले सोवळे ठेवावेत, म्हणून नव्हे.

तिसऱ्या वर्षी मी पुन्हा फॉर्म भरला आणि खिडकीपासून हललो नाही. खोली मिळाली. आठवड्यात दोघांनी खोली बदलून मागितली. कारण, 'अभ्यासात व्यत्यय'. अजून कुणी पुस्तकाची पिशवीसुद्धा सोडली नव्हती! तिसरा राहिला. तो काही पुरोगामी वगैरे नाही, त्याला खिडकीजवळची कॉट पाहिजे होती. चालतंय. फोटो भिंतीवर लागला.

पैशाचं काय, असं कुणीही विचारेल. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना स्वाधार योजनेतून पुण्या-मुंबईत वर्षाला ६०,००० रुपये आहेत. पण होस्टेलची फी आधी भरायची आणि सरकारचा हप्ता मागून. मधल्या महिन्यांत मामापुढं हात पसरायचा. तेव्हा मागणी साधी आहे. हप्ता येईपर्यंत फी थांबवा. थेट दुसऱ्या वर्षाच्या पोरांसाठी कॉट आधीच राखून ठेवा. आणि खोल्या चिठ्ठ्या टाकून वाटा. ज्याला जो मिळेल त्याच्याबरोबर त्यानं राहावं. त्यांनीही, आपणही.

थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या पोरांनो, फॉर्म दोन भरा, एक तिकडचा, एक इकडचा. इकडच्या फॉर्मात 'पसंतीचा रूम पार्टनर' असा रकाना असला तर तो कोरा सोडा. आपलाच गाववाला लिहून आपला मजला आपणच वेगळा पाडू नका. आणि खिडकीतला माणूस मायेनं बोलायला लागला की आधी पोचपावतीवर शिक्का मागा.